काळी दोनमध्ये चुकलेला शुद्ध ग: गिटारचा फ्रेटबोर्ड शिकण्याचं एक प्रकरण

या प्रकरणातला विद्यार्थी ही एक विशिष्ट व्यक्ती नाही. दोनेक वर्षं गिटार वाजवून झालेल्या, कॉर्ड नीट धरणाऱ्या, पण फ्रेटबोर्डवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांनी घरं (फ्रेट) पाडलेल्या गिटारच्या मानेवर, पाचव्या फ्रेटच्या पुढे चाचपडणाऱ्या अनेकांची अडचण इथे एका नमुन्यात मांडली आहे. फ्रेट आणि स्वर मात्र नेमके दिले आहेत. गिटार हातात घेऊन प्रत्येक आकडा पडताळता येईल, आणि वाचताना तसं केलेलंच बरं.

परिस्थिती

सुगम संगीताचा चार जणांचा संच: गायक, हार्मोनियम, तबला आणि गिटार. गिटार वीस फ्रेटची, स्टीलच्या तारांची, अकूस्टिक. ट्यूनिंग नेहमीचं, म्हणजे सहाव्या जाड तारेपासून पहिल्या बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी डी हा सा धरून बसवलेलं. डी, जी, ए आणि बी मायनर या चार कॉर्डमध्ये ते आरामात निघत होतं. तालमीत गायकाने पट्टी चढवून काळी दोन, म्हणजे अर्धा स्वर वरचा सा, मागितली. विद्यार्थ्याने पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला, कॉर्डची बोटं तीच ठेवली, आणि साथ पहिल्यासारखी सुरू राहिली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

अंतऱ्याच्या आधी गिटारवर एक छोटा तुकडा होता: ग म प नी सां, सगळे शुद्ध. पांढरी दोनमध्ये तो दुसऱ्या तारेवर सातव्या, आठव्या, दहाव्या फ्रेटवर आणि पुढे पहिल्या तारेवर नवव्या, दहाव्या फ्रेटवर पाठ झालेला. कॅपो लावल्यावरही विद्यार्थ्याने गिटारच्या कडेवरचे ठिपके बघून तेच फ्रेट धरले. हार्मोनियमवादक थांबला. “अरे, शुद्ध ग घे. तुझा कोमल लागतोय.” पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. मग विद्यार्थी अंदाजाने एक फ्रेट मागे सरकला आणि तुकडा आणखी बिघडला. शेवटी तो भाग हार्मोनियमकडे गेला.

चूक कुठे होती

कॅपो पहिल्या फ्रेटवर असला तरी तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या फ्रेटचे ठिपके आपल्या जागी राहतात. ते नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, मोजलेले असतात. विद्यार्थ्याची कॉर्डची बोटं कॅपोपासून मोजत होती आणि डोळे नटपासून. कॅपोपासून सातवा फ्रेट म्हणजे गिटारचा आठवा, आणि त्याने धरला सातवा.

काळी दोन म्हणजे डी शार्प. तो सा धरला तर ग येतो जी, म येतो जी शार्प, प येतो ए शार्प, नी येतो डी, आणि सां वरचा डी शार्प. दुसऱ्या तारेवर जी आठव्या फ्रेटवर आहे, जी शार्प नवव्यावर, ए शार्प अकराव्यावर. पहिल्या तारेवर डी दहाव्यावर आणि डी शार्प अकराव्यावर. विद्यार्थ्याने वाजवलं ते एफ शार्प, जी, ए, सी शार्प, डी. डी शार्पच्या सा-ला एफ शार्प हा कोमल ग, ए हा तीव्र म, सी शार्प हा कोमल नी, आणि शेवटचा डी शुद्ध नी. सां-वर यायचा तुकडा नी-वर लोंबकळत राहिला. हार्मोनियमवादकाच्या कानाने पहिल्याच स्वराला चूक पकडली ती याच कारणाने.

एवढंच असतं तर “ठिपक्यांच्या पुढे एक फ्रेट धर” असं सांगून प्रश्न मिटला असता. खरी अडचण पुढच्या दोन प्रश्नांत उघडी पडली. “तू कोणता स्वर वाजवलास?” याचं उत्तर आलं, “दुसरी तार, सातवा फ्रेट.” आणि “काळी दोन म्हणजे कोणता स्वर?” याचं उत्तर आलं, “डी, कॅपो एकवर.” पहिल्या उत्तरात स्वराचं नावच नाही. दुसऱ्यात नाव आहे, पण ते बोटांच्या आकाराचं. टॅब (सहा तारांच्या ओळींवर फ्रेटचे आकडे लिहिलेलं गिटारचं लेखन) वाचून शिकणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे. टॅब तार सांगतो, फ्रेट सांगतो, स्वराचं नाव सांगत नाही. दोन वर्षं टॅबवर काढली तरी ते नाव एकदाही तोंडात येत नाही.

तपासणी

उपाय सांगण्याआधी विद्यार्थ्याला काय येतं आणि काय येत नाही ते वेगळं करावं लागतं. “फ्रेटबोर्ड येत नाही” या तक्रारीखाली निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

मोकळ्या तारांची नावं क्रमाने म्हणता आली. “चौथी कोणती?” असं मधूनच विचारलं की मात्र सहावीपासून म्हणून चौथीवर यावं लागत होतं.

बारा स्वर चढत्या क्रमाने म्हणता आले, उतरत्या क्रमाने नाही. जीच्या खालचा स्वर विचारला तेव्हा एफ शार्पऐवजी एफ आला. ही उणीव बारीक वाटते, पण पुढचा सगळा वेग तिच्यावर अवलंबून आहे. तिसऱ्या तारेवर एफ शोधायचा असेल, तर मोकळ्या जीपासून दहा घरं मोजत जाता येतं, किंवा बाराव्या फ्रेटवरच्या जीवरून दोन घरं मागे येता येतं. उतरता क्रम नसेल तर दुसरी वाट बंदच.

“पाचव्या तारेवर ई” असं नाव देऊन जागा विचारली तेव्हा बोट मोकळ्या तारेपासून सरकत सातव्या फ्रेटपर्यंत गेलं. उत्तर बरोबर, पण मोजून. उलट “दुसरी तार, आठवा फ्रेट” अशी जागा देऊन नाव विचारलं, तेव्हा उत्तर चुकलं. जीऐवजी एफ शार्प आला. मोजताना बी आणि सीच्या मध्येही एक काळी पट्टी आहे असं धरलं गेलं होतं. हार्मोनियमवर ई-एफ आणि बी-सी या दोन जोड्यांमध्ये काळी पट्टी नाही. गिटारवर मात्र सगळे फ्रेट सारखेच दिसतात, म्हणून ही चूक तिथे लपून राहते.

तपासणीत गिटारचीही पाहणी करावी. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला स्वर बराच चढत असेल तर तारा जुन्या आहेत किंवा बोर्डपासून फार उंच आहेत. सहाव्या तारेची बाराव्या फ्रेटवरची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. साडेतीन-चार असेल तर दाबताना तार ताणली जाते आणि बरोबर जागी बोट ठेवूनही स्वर बेसूर लागतो. मग विद्यार्थी बरोबर जागेवर शंका घेऊ लागतो. या प्रकरणात गिटार ठीक होती.

आधीचा प्रयत्न का फसला

विद्यार्थ्याने पूर्वी फ्रेटबोर्डचा तक्ता भिंतीवर लावला होता आणि फ्रेटवर अक्षरांचे स्टिकरही चिकटवले होते. दोन्हींतून फारसं हाती लागलं नाही. तक्ता सहाव्या तारेपासून क्रमाने पाठ केला गेला: ई, एफ, एफ शार्प, जी... पाढा पहिल्यापासून म्हणता येतो, पण मधलाच आकडा विचारला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तसंच इथे झालं. वाजवताना कुणी क्रमाने विचारत नाही. गाण्यात स्वर कुठूनही येतो, आणि तो पुढच्या मात्रेला हवा असतो.

स्टिकरचा दोष वेगळा आहे. डोळा अक्षर वाचतो, त्यामुळे आठवण्याची गरजच पडत नाही, आणि आठवण्याच्या खटपटीशिवाय स्मरण पक्कं होत नाही. शिवाय रोझवूडच्या बोर्डवर स्टिकरचा गोंद राहतो आणि बोटांखाली चिकटतो. स्टिकर आधी काढले.

तक्त्याने आणखी एक गोंधळ घातला होता. छापील तक्त्यात आणि टॅबमध्ये सर्वांत वरची ओळ पहिल्या बारीक तारेची असते. गिटार मांडीवर घेतली की वर दिसते सहावी जाड तार. त्यातच “वरची तार” म्हणजे कुणाला जागेने वरची, कुणाला स्वराने वरची. म्हणून सरावात तारेचा उल्लेख फक्त आकड्याने करायचा हे ठरलं. पहिली म्हणजे सर्वांत बारीक, सहावी म्हणजे सर्वांत जाड.

योजना: आधी पांढरे स्वर, तेही उलटसुलट

मोकळ्या तारेपासून अकराव्या फ्रेटपर्यंत सहा तारांवर एकूण ७२ जागा आहेत. बाराव्यापासून सगळं पुन्हा तसंच सुरू होतं. त्या ७२ पैकी ४२ जागा पांढऱ्या स्वरांच्या, ३० काळ्यांच्या. इथे सातही पांढऱ्यांना “शुद्ध” म्हणण्याचा मोह होतो, तो टाळला. शुद्ध-कोमल हे सा कुठे आहे यावर ठरतं. जी हा काळी दोनमध्ये शुद्ध ग आहे आणि पांढरी तीनमध्ये कोमल ग.

बेचाळीस जागा एकदम शिकायची गरज नाही. पाचव्या फ्रेटवर सहाही तारांवर पांढरे स्वर आहेत: ए, डी, जी, सी, ई, ए. दहाव्या फ्रेटवरही सगळे पांढरे: डी, जी, सी, एफ, ए, डी. मोकळ्या तारा धरल्या तर अठरा जागा हाताशी येतात. बहुतेक गिटारवर दहाव्या फ्रेटवर ठिपका नसतो, त्यामुळे तो दुर्लक्षित राहतो. या योजनेत त्याला पाचव्याइतकंच महत्त्व दिलं. अकराव्या फ्रेटवर एकही पांढरा स्वर नाही. चौथ्यावर एकच आहे, तिसऱ्या तारेवरचा बी, म्हणजे दुसरी तार कानाने जुळवताना आपण धरतो तीच जागा. सहाव्यावरही एकच, दुसऱ्या तारेवरचा एफ. या खुणा एकदा डोळ्यांत बसल्या की उरलेले स्वर त्यांच्यापासून एक-दोन घरांवर सापडतात.

पडताळणीसाठी पूर्ण यादी, मोकळ्या तारा सोडून:

सहावी आणि पहिली: एफ १, जी ३, ए ५, बी ७, सी ८, डी १०
पाचवी: बी २, सी ३, डी ५, ई ७, एफ ८, जी १०
चौथी: ई २, एफ ३, जी ५, ए ७, बी ९, सी १०
तिसरी: ए २, बी ४, सी ५, डी ७, ई ९, एफ १०
दुसरी: सी १, डी ३, ई ५, एफ ६, जी ८, ए १०

ही यादी पाठ करण्यासाठी दिली नाही. सराव झाल्यावर चूक तपासायला ती वापरायची.

पहिले तीन-चार दिवस गिटारशिवाय गेले. बारा स्वर उतरत्या क्रमाने म्हणायचे, कुठल्याही स्वरापासून सुरुवात करून. सी, बी, ए शार्प, ए, जी शार्प... बसस्टॉपवर उभं असतानाही हे करता येतं. अडखळणं थांबल्यावरच गिटार घेतली.

पुढचा सराव रोज बारा मिनिटांचा. सात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक पांढरा स्वर. एक चिठ्ठी उचलायची आणि तो स्वर सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत एकेका जागी वाजवायचा. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, प्रत्येक तारेला चार ठोके. आधी नाव मोठ्याने म्हणायचं, मग तार छेडायची. हा क्रम उलटा झाला तर कान उत्तर देतो आणि आठवण बसून राहते. पुढची चिठ्ठी पहिल्या तारेपासून सहावीकडे. सी आला तर सहावीपासून फ्रेट येतात ८, ३, १०, ५, १, ८. क्रमात कसलीही चढण-उतरण नाही, आणि तेच हवं आहे.

चिठ्ठ्या लिहिलेल्या असण्यालाही कारण आहे. सुरुवातीला एक जण स्वर सांगत होता आणि विद्यार्थी शोधत होता. बी, सी, डी, ई, जी ही पाचही नावं “ई”कारात संपतात. मेट्रोनोमच्या आवाजात डी आणि बी, जी आणि डी यांत गफलत व्हायला लागली, आणि चूक ऐकण्याची की ओळखण्याची ते कळेना. लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी तो प्रश्न संपला.

पुढे जाण्याची अट साधी होती: तीन सलग फेऱ्या, न मोजता, न चुकता. बोट तारेवरून सरकत जागा शोधताना दिसलं की ती फेरी बाद. तसं झालं तर मेट्रोनोम ५० वर आणायचा. अट पुरी झाली की प्रत्येक तारेला चारऐवजी दोन ठोके, मग ठोके ८० पर्यंत.

तारांचा क्रम आणि दुसऱ्या तारेचा घोळ

सहावी आणि पाचवी या तारा आधी घेतल्या. बार कॉर्डचा (एकच बोट अनेक तारांवर आडवं ठेवून धरलेल्या कॉर्डचा) मूळ स्वर याच दोन तारांवर येतो, त्यामुळे शिकलेलं त्याच दिवशी वापरता येतं. विद्यार्थ्याला बी मायनर पाचव्या तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटपासून धरता येत होता, पण तिथला स्वर बी आहे म्हणून त्या कॉर्डला बी मायनर म्हणतात हे त्याने कधी जोडून पाहिलं नव्हतं. ते लक्षात आल्यावर तोच आकार आठव्या फ्रेटवर नेला की एफ मायनर होतो, हे सांगावं लागलं नाही.

चौथी आणि तिसरी यांच्यासाठी सप्तकाची उडी आहे. सहाव्या तारेवरचा स्वर चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढे वरच्या सप्तकात मिळतो, पाचवीवरचा तिसरीवर दोन फ्रेट पुढे. चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर जाताना मात्र तीन फ्रेट पुढे जावं लागतं. कारण तारांमधलं अंतर सगळीकडे सारखं नाही. शेजारच्या दोन तारांत पाच अर्धस्वरांचं अंतर आहे, फक्त जी आणि बी या तारांत चारच. पाच, पाच, पाच, चार, पाच मिळून चोवीस, म्हणजे बरोबर दोन सप्तकं. त्यामुळेच सहावी आणि पहिली दोन्ही ई राहतात आणि कॉर्ड बोटांच्या आवाक्यात येतात. या सोयीची किंमत दुसऱ्या तारेवर मोजावी लागते. तिसरीवरून दुसरीवर जाणारा प्रत्येक आकार एक फ्रेट पुढे सरकतो.

म्हणून दुसरी तार कशावरूनही न काढता स्वतंत्र शिकायची. सप्तकाची उडी पडताळणीला उत्तम आहे, पण तिच्यावरच विसंबलं तर प्रत्येक स्वरासाठी आधी सहावी तार आठवावी लागते, आणि मोजणीची जागा नुसती दुसऱ्या मोजणीने घेतलेली असते.

काळे स्वर आणि तीन नावं

पांढरे पक्के झाल्यावर पाच चिठ्ठ्या वाढवल्या. इथे संचात काम करणाऱ्याला तीन भाषा सांभाळाव्या लागतात. हार्मोनियमवादक म्हणतो काळी दोन, ट्यूनर दाखवतो डी शार्प, कॉर्ड लिहिलेल्या कागदावर असतं ई फ्लॅट. तिन्ही एकच जागा. चिठ्ठीवर तिन्ही नावं लिहिली. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. पांढरी एक सीपासून सात बीपर्यंत. गायकाशी बोलताना हेच नाव लागतं, आणि मराठी गायकांच्या संचात साथ करायची तर ते गिटारवाल्याने आधीच शिकून ठेवलेलं बरं.

सरगमचा पेच

विद्यार्थ्याला सुरुवातीला “सी म्हणजे सा” असं शिकवलेलं होतं. पहिल्या महिन्यात ते सोपं जातं, पुढे नडतं. सा गायकासोबत फिरतो. सी फिरत नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमधून सोल्फेजिओ, म्हणजे दो-रे-मी, शिकलेल्या वादकांचा “दो” कायम सीवर असतो, त्यामुळे त्यांना हा पेच पडत नाही. आपला सा तसा नाही.

दोन्ही पद्धती हव्यात, पण एका वेळी एक. चिठ्ठ्यांच्या सरावात फक्त अक्षरांची नावं, आणि कॅपोला हात लावायचा नाही. सरगमसाठी वेगळी पाच मिनिटं. तिथे आधी सा कुठे आहे ते अक्षराने म्हणायचं, मग सरगम गात वाजवायची. भूप रागाचे स्वर यासाठी छान: सा रे ग प ध, पाचच, आणि कानाला ओळखीचे. काळी एकमध्ये पाचव्या तारेवर ते ४, ६, ८, ११, १३ या फ्रेटवर येतात. एकाच तारेवर वाजवल्याने अंतरं डोळ्यांना दिसतात. मग तोच भूप तिसऱ्या तारेवरच्या सी शार्पपासून, म्हणजे सहाव्या फ्रेटपासून, तीन तारांवर पसरून. चौथा आणि पाचवा स्वर दुसऱ्या व पहिल्या तारेवर नेताना दुसऱ्या तारेचा तो एक फ्रेट पुन्हा आडवा आला, आणि या वेळी विद्यार्थ्याने तो स्वतः दुरुस्त केला.

मध्येच अडलं ते

साधारण चौथ्या आठवड्यात प्रगती थांबल्यासारखी झाली. सहावी, पाचवी आणि दुसरी पटकन येत होत्या; चौथी आणि तिसरी, सहाव्या ते नवव्या फ्रेटच्या पट्ट्यात, रखडत होत्या. याचं कारण सरावाच्या कमतरतेत नव्हतं. तिथे विद्यार्थी गाण्यात काही वाजवतच नव्हता. जी जागा संगीतात वापरली जात नाही, ती चिठ्ठ्यांनी कितीही घोटली तरी सैल राहते.

त्यावर तीन तारांच्या छोट्या कॉर्ड दिल्या. सी मेजर तिसरी, दुसरी, पहिली या तारांवर तीन प्रकारे धरता येतो: ५, ५, ३ फ्रेटवर सी, ई, जी, ९, ८, ८ वर ई, जी, सी, आणि १२, १३, १२ वर जी, सी, ई. प्रत्येक आकार धरताना तिन्ही स्वरांची नावं म्हणायची, आणि सी कुठल्या तारेवर गेला ते सांगायचं. पुढे हेच जी, एफ आणि डीसाठी. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात पूर्ण कॉर्डऐवजी हे छोटे आकार वाजवायला सांगितलं. हार्मोनियम खालच्या पट्ट्यात भरलेली असताना वर हलकी साथ खुलूनही दिसते, आणि सहाव्या ते नवव्या फ्रेटमध्ये हात रोज जायला लागला.

तो तुकडा पुन्हा

मग ग म प नी सां परत घेतला, काळी दोनमध्ये, कॅपो काढून. विद्यार्थ्याने सा सांगितला डी शार्प, मग स्वर: जी, जी शार्प, ए शार्प, डी, डी शार्प. आता हा तुकडा कुठे वाजवायचा हे ठरवायची मोकळीक होती. दुसऱ्या तारेवर ८, ९, ११ आणि पहिलीवर १०, ११ ही जागा हाताला सर्वांत सोयीची. पहिलं बोट आठव्या फ्रेटवर ठेवलं की मनगट हलवावं लागत नाही, आणि तिसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर खालचा सा हाताखालीच असतो. तोच आवाज सगळा पहिल्या तारेवर हवा तर ३, ४, ६, १०, ११. यात सहावरून दहावर उडी आहे, पण घसरत जाणारी मींड घेता येते. जाड, गोलसर आवाज हवा तर तिसरीवर १२, १३, १५ आणि दुसरीवर १५, १६. ज्या अकूस्टिक गिटारची मान चौदाव्या फ्रेटवर बॉडीला मिळते आणि कटअवे (वरचे फ्रेट गाठण्यासाठी बॉडीला दिलेली खाच) नाही, तिच्यावर पंधरा-सोळा फ्रेट धरणं अवघड जातं, म्हणून ती जागा सोडली. एक सप्तक खाली हवं तर तिसरी मोकळी, १, ३ आणि दुसरीवर ३, ४.

एक आक्षेप इथे रास्त आहे. तुकडा एक फ्रेट पुढे सरकवायला स्वरांची नावं लागत नाहीत. आकार जसाच्या तसा सरकवला तरी भागतं. खरं आहे, आणि घाईत तेच करावं. पण आकार सरकवणाऱ्याला पाठ झालेली एकच जागा मिळते. नाव ठाऊक असणाऱ्याला चार मिळाल्या. आणि हार्मोनियमवादकाने तालमीत “शेवटी ए शार्पवर थांब, सां-वर नको” असं सांगितलं, तेव्हा ते फक्त नावावरूनच कळण्यासारखं होतं.

कॅपो वाईट नाही. मोकळ्या तारांची गुंज हवी असेल तिथे तो लावायलाच हवा. फक्त तीन सवयी सांभाळायच्या. कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, मागच्या बाजूने लावायचा, नाहीतर स्वर चढतात. लावल्यावर गिटार पुन्हा जुळवायची. आणि एक कॉर्ड धरून ट्यूनरवर एकेका तारेचं खरं नाव वाचायचं. ट्यूनरला कॅपो दिसत नाही, तो फक्त स्वर ऐकतो. डी धरलेल्या बोटांवर त्याने डी शार्प, जी, ए शार्प दाखवलं की बोटांचा आकार आणि स्वर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे समजावून सांगावं लागत नाही.

कुठवर आलं

सहा आठवड्यांच्या शेवटी पांढरे स्वर सहाही तारांवर ८० च्या लयीत, दोन ठोक्यांना एक, न मोजता येऊ लागले. काळे थोडे मागे होते; त्यातही फ्लॅटचं नाव दिलं की क्षणभर थांबणं होतंच, विशेषतः ए फ्लॅट आणि डी फ्लॅटला. बाराव्या फ्रेटच्या वर जागा माहीत असूनही हात जात नव्हता. त्यासाठी वेगळा सराव न देता आहे ते तुकडे एक सप्तक वर वाजवायला सांगितलं. बाराव्या फ्रेटवरचे दोन ठिपके तिथे नवीन नट समजायचे. पंधरावा फ्रेट म्हणजे तिसऱ्याचंच वरचं घर, सतरावा पाचव्याचं.

रोजची बारा मिनिटं पाच करून चिठ्ठ्या सुरू ठेवल्या. ज्या चिठ्ठीला अडखळलं ती वेगळी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापासूनच सुरुवात. पाच-सहा दिवसांनी त्या वेगळ्या गठ्ठ्यात बहुधा ए फ्लॅटच उरत असे, आणि तो चौथ्या तारेवर सहाव्या फ्रेटवर आहे.